‘पारंपरिक’ म्हणजे कोण?

सतराव्या ओळीत मी ‘पारंपरिक’ असा एक शब्द टाइप केला आणि अठराव्या ओळीवर गेलो. चार सेकंदही लागले नसतील. हा लेख त्या चार सेकंदांबद्दल आहे. त्यात आरोपीच्या पिंजऱ्यात पहिला मीच उभा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

ती ओळ होती क्यू शीटमधली. क्यू शीट म्हणजे फिल्म-टीव्हीच्या धंद्यातला सगळ्यात कंटाळवाणा कागद. कुठल्या मिनिटाला कुठलं संगीत सुरू होतं, किती सेकंद वाजतं, समोर कुणी गाताना दिसतंय की नुसतं मागे वाजतंय, संगीतकार कोण, गीतकार कोण, हक्क कुणाकडे, याचा तक्ता. प्रेक्षकाला तो कधी दिसत नाही. पण रॉयल्टीचे पैसे वाटणाऱ्या संस्था अशाच तक्त्यांवरून कुणाला काय द्यायचं ते ठरवतात. तक्त्यात नाव असेल तर माणूस आहे. नसेल तर तो गायलाच नाही.

फिल्म होती टीव्हीच्या संगीतावरची एक डॉक्युमेंटरी. तिचं नाव सांगत नाही, दिग्दर्शकाचंही नाही. भांडण एका माणसाशी असतं तर फोनवर मिटवलं असतं. मी तिथे ‘रिसर्च असिस्टंट’ होतो. म्हणजे मुलाखती टाइप करणं, हार्ड डिस्कवर चिकटपट्ट्या लावणं, चहा किती कप ते विचारून येणं, आणि शेवटी कुणालाच करायचा नसतो म्हणून क्यू शीट.

फिल्मचा विषय मला मनापासून पटलेला होता, हेही सांगायला हवं. आपण सगळे टीव्हीच्या सुरांवर वाढलो. आमच्या घरी ‘आमची माती, आमची माणसं’ची धून लागली की आजोबा बाजेवर उठून बसायचे. दूरदर्शनची ती जुनी सिग्नेचर ट्यून पंडित रविशंकरांची, हे मला फिल्मवर काम करताना कळलं. तोवर ती जणू टीव्हीच्या डब्यातूनच आपोआप येत होती. १५ ऑगस्ट १९८८ ला दूरदर्शनवर आलेलं ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ घ्या. भीमसेन जोशींचा चेहरा सगळ्यांना आठवतो, त्यातला हत्तीसुद्धा आठवतो. चाल अशोक पत्कींची, वाद्यसंयोजन लुई बँक्स यांचं, हिंदी शब्द पियूष पांडे यांचे, हे किती जणांना सांगता येईल? ‘गोट्या’चं शीर्षकगीत पत्कींचं. १९९९ च्या ‘आभाळमाया’चं पत्कींचंच, शब्द मंगेश कुळकर्णींचे, आवाज देवकी पंडितांचा. एक माणूस आख्ख्या महाराष्ट्राच्या संध्याकाळी सुरांनी भरून टाकतो, आणि त्याचं नाव पडद्यावर अर्धा सेकंद येतं, तेही जाहिरातीच्या तोंडावर.

आता तर तो अर्धा सेकंदही गेला. टीव्हीवर श्रेयनामावली सुरू झाली की पडदा दुमडून कोपऱ्यात जातो आणि उरलेल्या जागेत पुढच्या मालिकेचा प्रोमो. मोबाइलवर तुमच्या-माझ्या अंगठ्याखाली ‘स्किप इंट्रो’. मी स्वतः दाबतो. तुम्हीही दाबता.

याच्या उलट काय होऊ शकतं, तेही आपण पाहिलंय. २००८-०९ चं ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ आठवा. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे ही नावं तर घरोघर झालीच. पण त्यांच्यामागे बसलेले वादक? पल्लवी जोशी त्यांची नावं घ्यायची. बासरीवर अमर ओक, तबल्यावर अर्चिस लेले, ढोलकीवर निलेश परब, सिंथेसायझरवर सत्यजित प्रभू, संगीत संयोजन कमलेश भडकमकर. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या वर्गातली पोरं, ज्यांनी जन्मात बासरी हातात धरली नव्हती, ती डब्याच्या सुट्टीत ‘मी अमर ओक’ म्हणत पट्टी तोंडाला लावायची. वादकाचं नाव घेतल्याने कार्यक्रम लांबला नाही, टीआरपी पडला नाही, कुणाचं बजेट बुडालं नाही. नुसतं नाव घेतलं होतं.

आमची फिल्म हेच सांगत होती. नाव घ्या. मग ती फिल्म माझ्या गावी आली.

मी अणदूरचा. सोलापूरहून हैदराबादकडे निघालात तर नळदुर्गच्या आधी लागतं. तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव; आमचे वडील अजून उस्मानाबादच म्हणतात. अणदूर खंडोबाचं. आणि या खंडोबाची गोष्ट जेजुरीच्या खंडोबापेक्षा वेगळी आहे. इथे देवळं दोन आणि मूर्ती एक. सव्वादहा महिने देव अणदूरला राहतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गला. पौष पौर्णिमेची मोठी यात्रा नळदुर्गला भरते. देव पालखीतून जातो, पालखीतून येतो. आणि जाताना-येताना दोन्ही गावच्या मानकऱ्यांमध्ये लेखी करार होतो. देव नेत आहोत, अमुक दिवशी परत आणून देऊ, असा कागद. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

फिल्ममध्ये पौराणिक मालिकांच्या संगीतावर एक भाग होता. ‘रामायण’चे रवींद्र जैन, ‘महाभारत’चे राजकमल, असं करत करत मराठीत येऊन २०१४ ते २०१७ चालेल्या ‘जय मल्हार’पर्यंत. सर म्हणाले, मालिकेतल्या खंडोबाच्या संगीताला मुळाचा आवाज हवा. खरं जागरण हवं. मी लगेच हात वर केला, आमच्या गावात करू. केवढा अभिमान वाटला होता मला.

ओळखीतल्या एका घरी लग्नानंतरचं जागरण होतं. वाघ्या आमच्या लांबच्या नात्यातले, मी त्यांना मामा म्हणतो. त्यांच्याबरोबर एक दुसरे वाघ्या, दोन गाणाऱ्या बायका, तुणतुण्यावर मामांचे मेहुणे. उसाच्या पाच टिपऱ्यांचा चौक मांडला, कलश ठेवला, दिवटी पेटली. दिमडीवर पहिली थाप पडली तेव्हा आमच्या साउंड रेकॉर्डिस्टने हेडफोनवर हात दाबून डोळे मिटले ते बराच वेळ उघडलेच नाहीत. पहाटेपर्यंत चाललं. लंगर तुटला, भंडारा उधळला, कॅमेऱ्याची लेन्स पिवळी झाली. सर भारावून गेले होते. निघताना मामांच्या पाया पडले.

मग कागद निघाले. घरमालकाचा एक इंग्रजी फॉर्म, जागा वापरल्याबद्दल. आणि गाणाऱ्यांचा एक. एकच. त्यावर मामांचं नाव, आणि पुढे मी माझ्या हाताने लिहिलं: ‘आणि पार्टी’. आकाशवाणीवर पूर्वी घोषणा व्हायची ना, अमुक शाहीर आणि पार्टी, तसं. मानधनाचं पाकीट एक. पाच माणसांनी आपसात वाटून घेतलं.

एडिटला त्या रात्रीचे एकोणसाठ सेकंद उरले. त्यातल्या चाळीस सेकंदांवर निवेदन आलं. म्हणून क्यू शीटमध्ये ‘वापर’च्या रकान्यात मी ‘पार्श्वसंगीत’ लिहिलं. संगीतकार: पारंपरिक. गीतकार: पारंपरिक. गायक-वादक हा रकाना कोरा. निर्मिती विभागातून सांगितलं होतं की ‘लोकसंगीत असेल तिथे पारंपरिक टाक, क्लिअरन्सची कटकट नाही.’ मी टाकलं.

आता या शब्दाशी मला भांडायचंय.

‘पारंपरिक’ हा शब्द दिसायला आदराचा आहे. जणू आपण हजार वर्षांपुढे हात जोडतोय. पण क्यू शीटमध्ये त्याचा अर्थ एवढाच होतो: इथे कुणाला पैसे द्यायचे नाहीत. हॉटेलच्या बिलावर ‘कॉम्प्लिमेंटरी’ लिहितात ना, तसा.

यावर मला ऐकवलेला पहिला मुद्दा असा की लोकगीत सगळ्यांचं असतं, एकाचं नाव लावलं तर बाकीच्यांवर अन्याय. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण यात दोन गोष्टींची सोयीस्कर गल्लत आहे. गाणं सगळ्यांचं आहे, कबूल. त्या रात्री जो गळा लागला तो सगळ्यांचा नव्हता. दिमडीवर जो अंगठा फुटला तो परंपरेचा नव्हता, मामांचा होता. मी स्वतः हळद आणून दिली. अभंग तुकोबांचा असला तरी रेकॉर्डवर गायकाचं नाव छापतोच की आपण. तिथे कुणी ‘आवाज: पारंपरिक’ लिहीत नाही. मग जागरणालाच का?

आणि परंपरा निनावी असते हे तरी कुणी सांगितलं? मराठी परंपरेइतकी नावाची काळजी घेणारी परंपरा मला दाखवा. तुका म्हणे, नामा म्हणे, जनी म्हणे. शेवटच्या कडव्यात कवीचं नाव. पोवाडा संपताना शाहीर स्वतःचं नाव सांगतो, गुरूचं सांगतो, कधीकधी गावाचंही सांगतो. ही नाममुद्रा उगाच शेवटी नसते. ती वृत्तात अशी विणलेली असते की काढली तर ओळ लंगडी पडते. छापखाना नव्हता, कायदा नव्हता, तेव्हा माणसांनी आपलं नाव गाण्याच्या हाडामांसात शिवून ठेवलं, की बाबा, गाणं न्यायचं तर मला घेऊन जा. आणि टीव्हीने काय केलं? टीव्हीला मिनिटभराचं शीर्षकगीत हवं. त्याने धृपद घेतलं, फार तर पहिलं कडवं घेतलं. शेवटचं कडवं, जिथे माणूस राहत होता, तेच पहिल्यांदा कापलं गेलं. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण एकदा कापल्यावर ‘हे तर निनावीच आहे’ म्हणायला आपण मोकळे.

मामांना मी नंतर विचारलं, ही गाणी कुणाकडून आली? त्यांनी दम न घेता नावं सांगितली. हे वडिलांकडून, हे नळदुर्गच्या अमक्याकडून, ही चाल तमक्या बाईची, तिच्यासारखी आता कुणाला येत नाही. एवढी शिस्तशीर क्यू शीट मी तरी कधी भरली नव्हती. आणि जागरणात दहा रुपयांची नोट ओवाळणी टाकणाऱ्याचंही नाव माइकवर पुकारलं जातं, गावासकट! दहा रुपये देणाऱ्याला नाव, आणि रात्रभर गळा फोडणाऱ्याला ‘आणि पार्टी’.

दुसरा मुद्दा कायद्याचा. ‘लोकसंगीताला कॉपीराइट नसतो रे,’ असं प्रत्येक एडिट रूममध्ये कुणीतरी म्हणतंच. मी बसलो आणि कायदा वाचला. तुम्हीही वाचा, वाटतो तितका अवघड नाही. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. १९९४ च्या दुरुस्तीआधी त्यात अशी व्याख्या होती की सुरावट कागदावर उतरवलेली असेल तरच ती ‘संगीतकृती’. म्हणजे नोटेशन न येणाऱ्या आपल्या बहुतेक गुणी माणसांनी कायद्याच्या लेखी काही रचलेलंच नव्हतं. १९९४ ला ते सुधारलं. आता नोटेशन लिहो न लिहो, चाल रचणारा तो संगीतकार. त्याच दुरुस्तीत ‘परफॉर्मर’ची व्याख्याही आली, आणि ती वाचून मी खुर्चीतून उठलो. नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर त्यात कसरत करणारा आहे, जादूगार आहे, आणि चक्क गारुडीही आहे. दिल्लीत कुणाला तरी गारुडी आठवला होता! म्हणजे जुन्या गाण्यावर कुणाचा हक्क नसेलही. ते गाणाऱ्याचा त्याच्या सादरीकरणावर आहे. पन्नास वर्षं आहे. २०१२ ला पुढची दुरुस्ती झाली. जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी भांडले ते तुम्ही ऐकलं असेल. तिने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क कुणाला लिहून घेता येणार नाही असा पक्का केला, आणि परफॉर्मरलाही व्यावसायिक वापरात रॉयल्टीचा हक्क दिला.

पण त्याच २०१२ च्या दुरुस्तीने परफॉर्मरच्या व्याख्येला एक शेपूट जोडलं. साध्या मराठीत असं: चित्रपटात ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे, आणि धंद्याच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीसकट कुठेच येत नाही, तो परफॉर्मर मानला जाणार नाही. त्याच्या सादरीकरणाची मोडतोड झाली तर तेवढ्यापुरता मानला जाईल. आणि कायद्याच्या भाषेत डॉक्युमेंटरी हाही चित्रपटच.

पुन्हा वाचा. नाव न देण्याचा रिवाज आहे म्हणून तू कलाकार नाहीस. आणि तू कलाकार नाहीस म्हणून नाव द्यायची गरज नाही. हे वर्तुळ कोण काढतं? मुंबईतला कुठला मोठा खलनायक नाही. पुण्यात भाड्याच्या खोलीत रात्री दोन वाजता क्यू शीट भरणारा माझ्यासारखा पोरगा काढतो. पहाटेपर्यंत कॅमेऱ्यासमोर गायलेली माणसं मी एका रकान्यात ‘पार्श्वसंगीत’ केली, दुसऱ्यात ‘पारंपरिक’ केली, तिसरा कोरा सोडला. किरकोळही झाली आणि निनावीही. दोन्ही अटी मी एकट्याने पूर्ण केल्या.

तिसरा मुद्दा बजेटचा. त्यावर फार लिहीत नाही. ज्या फिल्मला ड्रोन परवडतो तिला पाच नावंही परवडतात.

चौथा मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो मामांनीच मांडला. मी फोन करून सांगितलं की तुमची सगळ्यांची नावं घालायचीत. ते म्हणाले, “देवाचं गाणं हाय लेका. त्याला आमचं नाव कशाला?” मी गप्प झालो. त्यांची श्रद्धा माझ्या तक्त्यात बसत नव्हती. पण नंतर विचार केला, की देवासाठी नाव सोडणं हा मामांचा हक्क आहे. माझ्या निर्मात्यासाठी त्यांचं नाव सोडणं हा माझा नाही. गाणाऱ्या बायकांपैकी एकीने तर स्पष्ट सांगितलं, नुसतं नाव लिही, आडनाव नको आणि गाव नको. का, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मुरळी म्हणवून घेतलेल्या बाईला नावाबरोबर काय काय चिकटतं, हे आपल्या समाजाला चांगलं ठाऊक आहे. म्हणजे सरसकट सगळ्यांची नावं छापा, असाही माझा हट्ट नाही. विचारा, एवढंच. या लेखात मी त्या पाच जणांची नावं दिलेली नाहीत, ती याचसाठी. त्यांनी ती फिल्मसाठी दिली होती. माझ्या लेखासाठी मी मागितलेली नाहीत.

तुम्हाला वाटेल, हा टीव्हीवाल्यांचा प्रश्न आहे, आपला काय संबंध. मोबाइल उघडा. जेजुरीला, तुळजापूरला, कुठल्याही जत्रेत कुणी संबळ वाजवताना दिसतो, आपण पंधरा सेकंद शूट करतो, रील टाकतो. खाली इन्स्टाग्राम आपोआप लिहितं: ‘ओरिजिनल ऑडिओ’, आणि पुढे नाव आपलं. संबळ त्याचा, घाम त्याचा, ओरिजिनल आपण. मग तोच आवाज हजारो जण उचलतात, प्रत्येकाच्या रीलखाली तुमचं नाव फिरतं. किमान मी ‘पारंपरिक’ लिहून लाजलो तरी.

हे सगळं सांगायला मी सरांना भेटलो. ते वाईट माणूस नाहीत. शांतपणे ऐकलं. मी त्यांना आमच्या देवाचा कागद सांगितला. म्हटलं, आमच्या गावात साक्षात खंडोबा शेजारच्या गावी जातो तेव्हा करार होतो. कोण नेणार, कधी परत आणणार, सगळं लिहून. दोन्ही गावांचा देव एकच, भक्ती एकच, तरी कागद होतो. कारण जे सगळ्यांचं असतं त्याचीच जबाबदारी कुणीतरी लिहून घ्यायला लागते. आपण त्याच देवाचं गाणं ‘आणि पार्टी’वर घेऊन आलो. ते हसले, म्हणाले, हा शॉट घ्यायला हवा होता, कराराचा. फार छान आहे.

ते खरंच म्हणाले असं. मला तेव्हा राग आला नव्हता, घरी आल्यावर आला.

पण क्यू शीट अजून माझ्याकडे होती. मी सतरावी ओळ पुन्हा भरली. संगीत-गीत: खंडोबाच्या जागरणातील परंपरेतून. सादरीकरण: आणि पुढे पाच नावं, जशी त्यांनी सांगितली तशी, एक नुसतंच नाव, आडनावाशिवाय. ‘पार्श्वसंगीत’ खोडून ‘दृश्य सादरीकरण’ केलं. पाच जणांसाठी मराठीत पाच वेगळे फॉर्म केले, रॉयल्टीच्या कलमासकट. श्रेयनामावलीत कुठे काय येईल ते पिवळ्या रंगात रंगवून मेल केला. उत्तर आलं: ‘नोटेड. पुढच्या कटमध्ये बघू.’ त्या श्रेयनामावलीत माझं नाव आहे, एकविसाव्या सेकंदाला. ‘पुढच्या कटमध्ये बघू’ असं त्याच्याबद्दल कुणी म्हटलं नव्हतं.

फॉर्म सही करून घ्यायला परवा गावी गेलो. मामांनी चष्मा लावला, यादी वरून खाली वाचली, पुन्हा वाचली.

“काय लिहायलास रे हे? पाचच?”

“पाचच होता की मामा तुम्ही.”

“आन् दिवटी धरून पहाटेपस्तर उभं ऱ्हायलेलं पोरगं? त्याला काय झोप येत नव्हती?”

मी पेन काढला.